सांगू नका, साहेब

मठपती बाईंसमोर कुणी खोटं बोलायला लागलं की त्यांचा हात आपसूक गळ्याशी जायचा. चांदीच्या छोट्या डबीतलं इष्टलिंग त्या मुठीत धरायच्या आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत सोडायच्या नाहीत. चेहरा अगदी शांत. "बोला, ऐकायलेय मी," एवढंच. नव्या माणसाला वाटायचं, बाई फार भाविक आहेत. आमच्या शिक्षकांना मात्र खूण ठाऊक होती. मीटिंगमध्ये एखादा मुख्याध्यापक "आमच्याकडं एकबी पोरगं शाळाबाह्य न्हाई" म्हणाला की कुणी त्याच्याकडे बघायचं नाही. सगळे बाईंच्या हाताकडे बघायचे. मागून दबका आवाज यायचा, "धरलं, धरलं."

मी त्यांचा केंद्रप्रमुख. म्हणजे आसपासच्या गावांतल्या शाळांवर नजर ठेवायची, वरून आलेलं खाली सांगायचं आणि खालचं वर कळवायचं. वरचं खाली सांगायचं काम मी चोख केलं. मी मुळात कमी बोलणारा माणूस, आणि नोकरीत त्याचा फायदाच झाला. गप्प बसणारा माणूस वरच्यांना समजूतदार वाटतो. बाईंबद्दलही मी आजवर कुठं बोललो नाही. त्यांच्या निरोप समारंभाला भाषण करायची पाळी आली असती, पण तो समारंभच झाला नाही.

बाईंची शाळा होती त्या गोदावरीकाठच्या वाडीचं नाव लिहीत नाही. सोनपेठहून गाडी जाते, उतरून थोडं चालावं लागतं. काळी जमीन, पण घरटी कोरडवाहू तुकडा. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि निम्मं गाव कोयते, भांडी, शेळ्या, लेकरं घेऊन ऊसतोडीला जातं. परत येतं ते पाडव्याच्या पुढं-मागं. तोवर शाळेतली बस्करं रिकामी.

मी त्या केंद्रावर नवा रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वाडीला गेलो. शाळेत शिरलो तर स्वागतगीत नाही, गुलाबाचं फूल नाही. बाईंनी मान वर करून विचारलं, "कवा आलाव साहेब? बसा." खुर्चीकडे बघितलं तर तिच्यावर पुस्तकांचा गठ्ठा. मी उभाच. तेव्हा त्यांनी जमिनीवरच्या बस्कराकडे बोट केलं. मी पँटची इस्त्री सांभाळत मांडी घातली. त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या हातात पुस्तक दिलं. मुलगी चौथीतली, केस तांबूस झालेले, कडेवर धाकटा भाऊ. तिचं नाव रेणुका.

"वाच गं. साहेब ऐकायलेत."

रेणुकेनं एक शब्द वाचला. मग दुसरा. तिसऱ्यावर अडकली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. भाऊ तिच्या कानातली तार ओढत होता. वर्गात इतकी शांतता की बाहेर शेळी खाकरली ते ऐकू आलं. मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून निवांत उभ्या, बस स्टँडवर उभं राहावं तशा. मला ते सहन होईना. मी पुढं वाकून रेणुकेला तो शब्द हळूच सांगितला. तिनं तो पटकन म्हटला आणि पुढचं वाक्य सोडून पुस्तकच मिटलं.

"सांगू नका, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी बस्करावर मागं सरकलो. "तुमी सांगितलं तर ती म्हणंल, आन् तुमी म्हणाल, वाचली. मग मी कुणापाशी रडू?"

नंतर कळलं, ही त्यांची पद्धतच होती. शाळेत साहेब येणार म्हटलं की हुशार पोरं पुढं बसवायची, कच्ची मागं, आणि अगदीच कच्ची "आज सुट्टी" म्हणून घरी धाडायची, हे सगळीकडे चालतं. मीही शिक्षक असताना केलेलं आहे. बाईंचं उलट. साहेब येणार म्हटलं की सगळ्यांत कच्चं पोरगं पहिल्या रांगेत. "हुश्शार पोरं कुटंबी शिकतेत. त्यांना बघायला साहेब कशाला लागतोय?" तहसीलदार येवो, लसीकरणाचे डॉक्टर येवोत, की मत मागायला पुढारी, बस्करावर बसायचं, एक पान ऐकायचं, आणि मधे सांगायचं नाही. पान संपलं की मगच चहा. कागदावरची निवेदनं त्यांनी पूर्वी खूप दिली होती. "कागदाला वाट बघायची सवय असती," त्या म्हणायच्या, "माणसाला न्हाई. साहेबाला जरा वाट बघू द्या की."

साहेबांच्या त्यांनी जाती लावल्या होत्या. घड्याळवाले, मोबाइलवाले आणि रडके. पहिल्या दोघांची त्यांना फिकीर नव्हती. भीती रडक्यांची. "ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं ना साहेब, त्याच्याकडून काम होत न्हाई. रडून त्यो मोकळा होतोय. मनातलं वजन हितंच टाकून जातोय, सही ऱ्हाऊन जाती."

गावालाही हे पटत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच सरपंच तणतणत आले. "म्याडम, गावाची इज्जत घालवायलाव तुमी. ते खालच्या आळीचं पोरगं नाक पुसत उभं केलंत, साहेब काय म्हणले असतील?"

"काय म्हणले?"

"काय म्हणणार! गप्प गेले."

"मग इज्जत कुटं गेली? हितंच हाय. आन् इज्जत झाकायला पोरगं काय चादर हाय का?"

सरपंच तसेच तणतणत गेले, आणि पुढं बरेच दिवस शाळेच्या टाकीत पाणी सोडायला माणूस येत नव्हता. बाई स्वतः घागर घेऊन गेल्या. त्या काही देवमाणूस नव्हत्या. जोडीच्या शिक्षकाला पोरांसमोर टाकून बोलायच्या. कुणाचं कौतुक म्हणून करायच्या नाहीत. मीटिंगचं जेवण कधी घेतलं नाही, आणि आम्ही जेवत असताना समोर बसून घरची भाकरी अशी खायच्या की आमच्या घशाखाली जिलबी उतरू नये. मला त्यांचा त्रास व्हायचा, हे आता लिहून टाकतो. कुठलाही अधिकारी माझ्या केंद्रात आला की वाडीहून परतताना गाडीत गप्प असायचा, आणि ते गप्प बसणं माझ्या नावावर जमा व्हायचं.

त्यांना हवं होतं ते मोठं काही नव्हतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना असते. पोरं आजी-आजोबांजवळ झोपतात, दोन वेळचं जेवण शाळेतून मिळतं, शाळा चुकत नाही. प्रस्ताव दरवर्षी जायचा. मंजुरी यायची ती संक्रांतीच्या सुमाराला, पोरं उसाच्या कुठल्या कुठल्या फडात पांगल्यावर. बाई म्हणायच्या, "पोरं गेल्यावर भाकरी मंजूर व्हायलीय."

एका दसऱ्याला मी वाडीला होतो. ट्रक लागलेला. बिऱ्हाडं चढत होती. बाई रेणुकेच्या आईला ट्रकच्या फळीशी गाठून उभ्या होत्या.

"हिला ठिवा."

"बाई, मंग लहान्याला कोण बघंल? मी कोयता धरू का लेकरू?"

"लहान्यालाबी ठिवा."

"आन् खायाला? मातारीला दिसत न्हाई. चूल पेटवती का सोताला पेटवती, कळत न्हाई तिला."

बाईंनी रेणुकेच्या कडेवरून पोरगं घेतलं आणि म्हणाल्या, "मी घालते खायाला. चल गं." रेणुका आईकडे बघत राहिली. आईनं तोंड फिरवून पातेली वर द्यायला सुरुवात केली. तेच हो म्हणणं.

त्या हंगामात बाईंच्या भाड्याच्या खोलीत रोज पोरांची पंगत बसायची. रेणुका, तिचा भाऊ, आणखी काही. बाईंना स्वयंपाक यथातथाच यायचा. पोरं नावं ठेवायची, "बाईची आमटी म्हंजी हातपंपाचं पाणी." बाई हसायच्या नाहीत, वाढायच्या. त्या वर्षी रेणुका पान वाचू लागली. अडखळत, पण कुणी न सांगता. मी बस्करावर बसून ऐकलं. संपलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, आता तुमी वाचा.

आणि मग नोटीस आली. विद्यार्थ्यांना स्वतःच्या निवासस्थानी कोणाच्या परवानगीने ठेवले, याचा खुलासा करावा. कुणी तक्रार केली होती ते मला माहीत आहे, लिहीत नाही. नोटीस त्यांच्या हातात मीच दिली. त्यांनी उभ्या-उभ्या वाचली, घडी घातली.

"हे मातर लवकर आलं," त्या म्हणाल्या.

पुढच्या हंगामासाठी त्यांनी ठरवलं की एकदा काय ते वर जाऊनच बोलायचं. परभणीला एक मोठी परिषद होती. फलकावर जगाचा गोल काढलेला आणि त्याखाली 'शाश्वत विकास आणि सर्वांसाठी दर्जेदार शिक्षण'. बाहेरच्या देशातले पाहुणे, मुंबईचे बडे साहेब, भाषांतर करणारी एक मुलगी. आम्हाला खुर्च्या भरायला बोलावलं होतं. पडद्यावर हसरी मुलं येत-जात होती. जगातल्या प्रत्येक मुलाला चांगलं शिक्षण मिळाल्याशिवाय विकासाला अर्थ नाही, असं एक पाहुणे मनापासून बोलले. चांगलं बोलले. बाईंनी गळ्याला हात लावला नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. माईक नको म्हणाल्या.

"पाहुणे बोलले ते खरं हाय. इचार सगळा पटला. पर आमची पोरं दसऱ्याला जातेत आन् तुमची मंजुरी संक्रांतीला येती. जगाचं सावकाश बघा साहेब, आमचं दसऱ्याच्या आत बघा. शेहरातलं पोरगं एक वर्षाचं एक वर्ष शिकतं, माझं पोरगं एक वर्षाचं निम्मं. मग बरोबरी कशी करावी त्यानं? ते ढ न्हाई. त्याला निम्मंच वाढलंय."

त्यांनी रेणुकेला सोबत आणलं होतं. बड्या साहेबांच्या हातातलंच माहितीपत्रक मागून घेतलं आणि तिच्या हाती दिलं. "वाच. साहेब, सांगू नका."

रेणुका वाचायला लागली. शब्द अवघड, कागद गुळगुळीत, हजार डोळे. ती अडकली. सभागृह थांबलं. पाहुण्यांनी भाषांतर करणाऱ्या मुलीला काहीतरी विचारलं, तिनं ओठावर बोट ठेवलं. रेणुकेनं तो शब्द फोडला, जोडला, म्हटला. मग पुढचा. ओळ संपली तेव्हा बडे साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते.

माझ्या शेजारी बसताना बाई पुटपुटल्या, "गेलं. रडका निघाला."

टाळ्या थांबेनात. साहेबांनी व्यासपीठावरूनच जाहीर केलं की अशा शिक्षिका जिल्ह्याचं भूषण आहेत. एका वाडीपुरती ही पद्धत का ठेवायची? प्रत्येक अधिकाऱ्यानं प्रत्येक शाळाभेटीत एका मुलाचं एक पान ऐकायचं. उपक्रमाला तिथल्या तिथं नाव मिळालं, 'एक भेट, एक पान'. बाईंना शाल दिली. वसतिगृहाबद्दल "जरूर बघू" म्हणाले. तेव्हा बाईंचा हात गळ्याशी गेला.

जेवणाच्या वेळी मला बाजूला बोलावलं गेलं. आमचे तालुक्याचे साहेब म्हणाले, "बाईंना उपक्रमासाठी जिल्ह्याला घ्यायचं म्हणतात. तुमच्या केंद्रातून सोडता येतील का? शाळेची काही अडचण?"

अडचण होती. जोडीचा शिक्षक कायम दुसऱ्या कामाला जुंपलेला. वाडीची शाळा म्हणजे बाई. वसतिगृहाचा प्रस्ताव बाईंशिवाय कुणी रेटणार नव्हतं, आणि दसऱ्याला तीनच महिने उरले होते. हे सगळं मला ठाऊक होतं. हे सांगणं हेच माझं काम होतं.

"अडचण नाही, साहेब," मी म्हणालो.

आणि मला हायसं वाटलं. एवढंच लिहायला मला इतकी वर्षं लागली. कुणी मला धमकावलं नव्हतं. बाईंचा सन्मान होत होता, मला निवांतपणा मिळत होता, सगळ्यांचं भलं होतं. हातात जिलबीची बशी होती.

उपक्रम जोरात चालला. अधिकारी मुलाशेजारी बस्करावर बसल्याचा फोटो त्याच दिवशी वर पाठवायचा. महिन्याभरात प्रत्येक शाळेनं एक मुलगा तयार केला. तोच पहिल्या रांगेत, तेच पान, धबधब्यासारखं. शिक्षक त्याला 'पानवाला' म्हणायला लागले. एका गुरुजींनी मला एकदा सकाळीच फोन केला, "सर, साहेबाला आज नका आणू, आमचा पानवाला मामाच्या गावाला गेलाय."

बाई जिल्ह्याच्या कार्यालयात एका कोपऱ्यात बसून ते फोटो तपासायच्या. मी एकदा भेटायला गेलो. मागं भिंतीवर त्यांचाच शाल घेतानाचा फोटो टांगलेला. त्या संगणकावर एकेक फोटो पुढं सरकवत होत्या.

"हे बघा साहेब. हे पोरगं पुस्तकाकडं बघायलंच न्हाई. तोंड उघडं, डोळे क्यामेऱ्यात. आन् साहेब किती खुश हायेत बघा." मग माझ्याकडे वळल्या. त्यांनी कुणाला विनंती केलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. "मला माघारी पाठवा. एक हंगाम. तुमी लिहून दिलं की शाळेला गरज हाय, तर सोडतेल."

"बघतो, बाई."

त्यांचा हात गळ्याशी गेला. माझ्यासाठी पहिल्यांदाच. त्यांनी तो लपवला नाही.

मी लिहून दिलं नाही. लिहायचं ठरवायचो, मग वाटायचं, आपणच सोडलं आणि आपणच परत मागायचं, साहेब काय म्हणतील. त्या वर्षी वसतिगृहाचा प्रस्ताव मात्र वेळेत परत आला, दसऱ्याच्या आधी, नामंजूर होऊन. उपक्रमाच्या फोटोंवरून वाडीत मुलांची उपस्थिती आणि वाचन दोन्ही उत्तम दिसतं, सबब गरज नाही. फोटोत एकच मुलगा होता, सरपंचांचा नातू. रेणुका भावाला कडेवर घेऊन ट्रकमध्ये चढली, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्यालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

पुढं काही वर्षांनी बाईंनी नोकरी संपायच्या आधीच सोडली. चारठाण्याला त्यांचे भाऊ असतात, तिकडं जाणार म्हणून कळलं. मी फोन लावायचा म्हणायचो आणि ठेवायचो.

त्या शेवटच्या दिसल्या त्या सोनपेठच्या स्टँडवर. दसरा नुकताच झालेला. आठवडी बाजाराचा दिवस, गर्दी, मिरच्यांचा ठसका. बाई खांद्याला कापडी पिशवी लावून परभणीच्या गाडीशी उभ्या होत्या. वाडीला शेवटचं काहीतरी सामान आणायला गेल्या असाव्यात. मी नजर चुकवून जाणार, तेवढ्यात त्यांनीच बघितलं.

"कवा आलाव साहेब?" पहिल्या दिवशीसारखंच.

मी काहीबाही बोललो. बोलताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे. पण त्या ऐकतच नव्हत्या. रस्त्याच्या कडेला मुकादमाचा ट्रक थांबला होता, आणि गाठोड्यांच्या ढिगावर एक मुलगी बसली होती. ओळखायला मला वेळ लागला. अंगानं भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळे मणी. मांडीशी कोयता. भाऊ आता मोठा झाला होता, शेजारी बसून शेंगा खात होता.

"बाई!" ती वरून ओरडली. लाजली. पदर डोक्यावर घेतला.

बाई ट्रकजवळ गेल्या. काय गं, कशी हाईस, लगीन कवा झालं, यातलं काही विचारलं नाही. एसटीच्या माथ्यावरच्या पाटीकडे बोट केलं. "वाच."

रेणुका हसली. मग खरंच डोळे बारीक करून बघायला लागली. "पा... थ... री," तिनं म्हटलं. "पाथरी." मग अडकली. ओठ हलायला लागले, तसेच, चौथीतल्यासारखे. गर्दीत कुणी हमाल ओरडत होता, कंडक्टर घंटी ओढत होता. मी काही सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत तेवढं मी शिकलो होतो.

मुकादमानं फळीवर थाप मारली. ट्रकचं इंजिन सुरू झालं. रेणुका अजून पाटीकडे बघत होती.

बाई माझ्याकडे वळल्या. "सांगा, साहेब."

मी ट्रककडे बघितलं.

"सांगा की. त्या दिशी लय घाई होती तुमाला. आता गाडी निघाली. आता सांगा."

"मार्गे!" मी ओरडलो. आवाज फाटला. लोक वळून बघायला लागले. "पाथरी मार्गे!"

ट्रक वळणावर गेला होता. गाठोड्यांवर बसलेल्या रेणुकेनं कानामागं हात धरला. काय म्हणालात, असं ती विचारत होती. आवाज आला नाही, नुसतं तोंड हललेलं दिसलं.

मी वळलो तेव्हा बाई गाडीत चढल्या होत्या. माझ्या बाजूच्या खिडकीशी जागा होती. त्या पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या.